आजार शब्दाच्या टोकाला असतो

“मला थायरॉइड आहे,” असं कुणी सांगितलं की मी म्हणते, “मलाही आहे.” समोरची बाई सहानुभूतीनं बघायला लागते. मग खुलासा करावा लागतो. थायरॉइड सगळ्यांनाच असते. गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली ती एक ग्रंथी आहे. तुमची कमी चालते की जास्त, ते सांगा. यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, “ते माहीत नाही, सकाळी उपाशीपोटी गोळी असते.”

वैद्यकातल्या लांबलचक शब्दांचं आपण असंच करतो. अपेंडिसायटिसला ‘अपेंडिक्स झालं’, सायनुसायटिसला ‘सायनस आहे’, टॉन्सिलायटिसला ‘टॉन्सिल्स झाले’. गॅस्ट्रोएन्टरायटिसची साथ आली की पेपरात मथळा येतो, ‘गॅस्ट्रोची साथ’. गॅस्ट्रो म्हणजे नुसतं जठर. म्हणजे गावात जठराची साथ आली! बोलायला सुटसुटीत पडतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शब्द तोडताना आपण अवयव ठेवतो आणि आजार टाकून देतो. आजार असतो शब्दाच्या टोकाला, कधी पुढच्या, बहुधा मागच्या. तेवढं टोक ओळखता आलं तरी हातातल्या रिपोर्टातलं बरंच काही कळतं.

मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलं, रोज असे शेकडो शब्द टाइप केले, आणि आता सोसायटीतले लोक फाइल घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की हे शब्द पाठ करायचे नसतात, फोडायचे असतात. मराठी शाळेत शिकलेल्याला ते अवघड जाऊ नये. समासाचा विग्रह आपण मार्कांसाठी का होईना, केलेला आहे. ‘राजपुत्र’ हा शेवटी पुत्र असतो. कुणाचा, ते आधीचं पद सांगतं. हे शब्दही तसेच. शेवटचं पद सांगतं काय झालं किंवा काय केलं, आधीचं पद सांगतं कुठं. म्हणून शेवटाकडून वाचायचं. दोन पदांमध्ये उच्चार सोपा व्हावा म्हणून बहुधा एक ‘ओ’ घातलेला असतो, आणि पुढचं पद स्वरानं सुरू होत असेल तर तो गळतो. जठराच्या आत नळी घालून पाहणं म्हणजे गॅस्ट्रोस्कोपी, पण जठराची सूज मात्र गॅस्ट्रायटिस. आपल्या संधीसारखंच हे.

सुरुवात ‘आयटिस’पासून करा, कारण ते घरोघरी आहे. आयटिस म्हणजे दाह: सूज, लाली, दुखणं, तिथं चाललेलं धुमसणं. हेपॅट म्हणजे यकृत, म्हणून हेपॅटायटिस. आर्थ्र म्हणजे सांधा, म्हणून आर्थ्रायटिस. ‘ओसिस’ हे दुसरं टोक जरा ढिलं आहे. त्याचा अर्थ नुसता ‘अमुक अवस्था’. सांध्याहाडांच्या आजारांत ते बहुधा झीज दाखवतं. आता मान धरली, चक्कर आली, मुंग्या आल्या की आपल्याकडे सरसकट ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतात. रिपोर्ट काढून बघा, तिथं बहुधा ‘स्पॉन्डिलोसिस’ असतं. स्पॉन्डिल म्हणजे मणका. एकात मणक्यांचा दाह आहे, दुसऱ्यात वयानं आणि कामानं आलेली झीज. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा खराखुरा दाहाचा आजार आहे. तो तरुणपणी सुरू होतो, सकाळी कंबर आखडते आणि हालचाल केल्यावर सैल होते. त्याची औषधं वेगळी, त्याची वाटचालही वेगळी. झीज झालेल्या पासष्टीच्या आजोबांनी आणि पंचविशीतल्या नातवानं एकच शब्द वापरला, तर नातवाचं निदान लांबू शकतं. ‘आजोबांनाही आहे, आमच्यात आनुवंशिक आहे’ असं म्हणून तो मोकळा होतो.

पावसाळ्यात डेंग्यू आला की सीबीसीच्या रिपोर्टावर ‘थ्रॉम्बोसायटोपेनिया’ दिसतं आणि घरात रडारड होते. फोडून बघा. थ्रॉम्बस म्हणजे रक्ताची गुठळी, साइट म्हणजे पेशी. गुठळी करणारी पेशी म्हणजे आपली प्लेटलेट. पेनिया या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ दारिद्र्य. प्लेटलेट्सचं दारिद्र्य, बस. जे डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं तेच कागदावर छापून आलंय, नवा आजार निघालेला नाही. त्याच कागदावर ‘ल्यूकोपेनिया’ असेल तर पांढऱ्या पेशींचं दारिद्र्य, आणि ‘ल्यूकोसायटोसिस’ असेल तर उलट, पांढऱ्या पेशी वाढल्यात. ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक’ हा बायकांच्या रिपोर्टात वारंवार दिसणारा जोडशब्द: पेशी आकारानं लहान, रंगानं फिक्या. बहुतेकदा लोहाची कमतरता. एमिया टोकाला असेल तर गोष्ट रक्तातली, युरिया असेल तर लघवीतली. हिमॅट्युरिया म्हणजे लघवीतून रक्त, डिसयुरिया म्हणजे लघवी करताना त्रास. मात्र तपासणीच्या यादीतलं नुसतं ‘ब्लड युरिया’ या नियमात बसत नाही, ते एका पदार्थाचं नाव आहे.

आता ऑपरेशनची टोकं. इथं जरा थांबणार आहे, कारण इथली चूक शरीराला आयुष्यभर पुरते. ‘टोम’ म्हणजे कापणं. ‘ॲटम’ हा शब्दसुद्धा त्यातलाच, जे कापता येत नाही ते. ‘ऑटमी’ म्हणजे चिरून उघडणं, ‘एक्टमी’ म्हणजे कापून बाहेर काढणं, आणि ‘ऑस्टमी’ म्हणजे नवं तोंड करणं, कारण स्टोमा म्हणजे तोंड. मोठ्या आतड्याची कोलेक्टमी झाली तर आतड्याचा भाग गेला. कोलॉस्टमी झाली तर आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावलेली असणार. ‘प्लास्टी’ म्हणजे दुरुस्ती किंवा घडण. ऐकायला सगळी सारखी, पण पेशंट घरी कसा येणार हे त्या एका अक्षरावर ठरतं.

आपल्याकडे ‘पिशवी काढली’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. हिस्टेरा म्हणजे गर्भाशय, म्हणून हिस्टेरेक्टमी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. पण ज्या बाईची पिशवी काढली तिला विचारा, नुसती पिशवी काढली की अंडाशयंही? उत्तर नसतं. माझ्या एका नात्यातल्या काकूंना चाळिशीतच अंगात वाफा यायला लागल्या, झोप उडाली, पुढं साध्या पडण्यानं मनगट मोडलं. डिस्चार्ज कार्ड पत्र्याच्या ट्रंकेत अकरा वर्षं पडून होतं. त्यावर हिस्टेरेक्टमीच्या पुढं लिहिलेलं होतं, ‘बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टमी’. बाय म्हणजे दोन, लॅटरल म्हणजे बाजूचं. साल्पिंक्स म्हणजे तुतारी. बीजवाहिनीचा आकार तसा दिसला म्हणून हे नाव. ऊफोर म्हणजे अंडं धारण करणारं, अंडाशय. म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढली होती. पाळी जायच्या वयाआधी अंडाशयं गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम घटतं, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचीही काळजी जास्त घ्यावी लागते. हे माहीत असतं तर काकूंनी हाडांची तपासणी केव्हाच करून घेतली असती. माहिती घरातच होती. फोडून वाचणारं कुणी नव्हतं.

पुढच्या टोकाला बसणाऱ्या उपसर्गांत सगळ्यात घातक जोडी हायपो आणि हायपर. फोनवर तर दोन्ही सारखीच ऐकू येतात. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर उतरली: घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच साखर द्यायची. हायपरग्लायसेमियात साखर आधीच चढलेली असते. लक्षात ठेवायला आपल्या भाषेतच खुंटी आहे. हायपो हा संस्कृत ‘उप’चा भाऊ आणि हायपर ‘उपरि’चा. उपसरपंच सरपंचाच्या खाली असतो ना? मग हायपो खाली. उपरि म्हणजे वर, मग हायपर वर. आयसीयूत म्हाताऱ्या माणसांच्या कागदावर ‘हायपोनॅट्रेमिया’ लिहिलेलं असतं. नॅट्रियम हे सोडियमचं लॅटिन नाव, नातेवाईक बाहेर सांगतात, “सोडियम कमी झालंय.” तेच ते. कॅलियम म्हणजे पोटॅशियम, म्हणून हायपोकॅलेमिया.

हा भाऊ वगैरे मी कोटी म्हणून लिहिलेलं नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका कुळातल्या असाव्यात, हे विल्यम जोन्सनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत १७८६ साली मांडलं, आणि त्या नात्याचा सगळ्यात रोकडा फायदा मला लॅबमध्ये झाला. ‘पेरि’ म्हणजे ‘परि’, भोवती: परिसर, परिक्रमा, आणि हृदयाभोवतीचं पेरिकार्डियम. ‘ऑस्टिओ’ आणि अस्थि. ‘ओडाँट’ आणि दंत. ‘हेपॅट’ आणि यकृत् हे दोन्ही एकाच जुन्या शब्दाचे वंशज आहेत, दिसायला कितीही वेगळे असोत. ‘एरिथ्रो’ म्हणजे लाल आणि त्याचा सख्खा म्हणजे ‘रुधिर’. एरिथ्रोसाइट ही लाल पेशी. ‘थर्मो’चा नातलग संस्कृत ‘घर्म’, आणि घर्मापासून आपला घाम. थर्मामीटर काखेत धरताना एकदा आठवून बघा. नकाराचा ‘अ’ तर जसाच्या तसा आहे, स्वरापुढं ‘अन्’ होण्याच्या नियमासकट. आपलं अज्ञान आणि अनादर, त्यांचं अप्निया आणि अनिमिया. ‘न्यूरो’चा नातलग ‘स्नायू’ आहे, पण इथं सांभाळून. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शीर, तात असा होता. पुढं तिकडं तो मज्जातंतूला चिकटला, आणि आपल्या मराठीत स्नायू झाला मांसपेशी. नातेवाईक आहेत, पण घरं बदललेली.

माझा सगळ्यात आवडता शब्द ‘डिसमेनोऱ्हिया’, पाळीच्या दिवसांतली पोटदुखी. डिस म्हणजे आपला दुस्, दुर्, कष्टाचं, वाईट. मेन म्हणजे मास, महिना. ऱ्हिया म्हणजे वाहणं, स्रु धातूचा भाऊबंद, स्राव. तीन तुकडे, तिन्ही आपल्या माजघरातले. दुर्‌-मास-स्राव. हा शब्द ज्या मुलीला मी असा फोडून सांगितला, तिला पुन्हा विचारावा लागला नाही.

कधी नातं शब्दांचं नसतं, कल्पनेचं असतं, आणि ते जास्त चकित करतं. हेमिप्लेजिया: हेमि म्हणजे अर्धा, प्लेजिया म्हणजे तडाखा, आघात. आपल्या वैद्यांनी त्याच आजाराला ‘पक्षाघात’ म्हटलं. पक्ष म्हणजे बाजू. डायरिया म्हणजे आरपार वाहणं. आपला ‘अतिसार’, अति वाहणं. कार्सिनोमातला कार्किनोस म्हणजे खेकडा, आणि आपला कर्करोगही खेकड्याचाच. मूतखड्याला सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’ म्हटलंय, अश्म म्हणजे दगड. ग्रीकातला दगड म्हणजे लिथ. म्हणून नेफ्रोलिथायसिस मूत्रपिंडातले खडे, कोलेलिथायसिस पित्ताशयातले, आणि लिथोट्रिप्सी म्हणजे खडा चुरणं. आयुर्वेदाचे ‘शोथ’, ‘शूल’, ‘अश्मरी’ हे प्रत्ययासारखेच वापरले जातात: आयटिस म्हणजे शोथ, अल्जिया म्हणजे शूल. राज्याच्या भाषा संचालनालयाचे शारीर आणि विकृतिशास्त्राचे परिभाषा कोश आहेत. त्यांतले काही प्रतिशब्द कोरडे वाटतील, पण असे शब्द लावून बघायला ते उत्तम.

एक अडचण मात्र खरीच आहे. एकाच अवयवाला ग्रीक आणि लॅटिन अशी दोन-दोन नावं आहेत. मूत्रपिंडाचं नेफ्रो आणि रीनल, फुप्फुसाचं न्यूमो आणि पल्मनरी, त्वचेचं डर्म आणि क्युटिस. आपल्याकडे पाणी, जल, उदक आहेच, त्यामुळं कुरकुर करायला जागा नाही. ढोबळ अंदाज असा, की आजाराच्या नावात बहुधा ग्रीक सापडतं आणि अवयवाच्या वर्णनात लॅटिन. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘रीनल कॅल्क्युलस’ वाचून बारावीचा एक मुलगा माझ्याकडे हसत आला होता. त्याला वाटलं गणित आलं. कॅल्क्युलस म्हणजे लॅटिनमध्ये खडा. खडे मांडून हिशेब करायचे, त्यावरून पुढं ते गणिताचं नाव झालं. त्याच्या वडिलांना पाच मिलिमीटरचा होता.

एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांशी मात्र पंगा घेऊ नका, जपून वाचा. सिस्ट म्हणजे पिशवी, साइट म्हणजे पेशी. कोलेसिस्टायटिस वाचून ‘पोटात सिस्ट निघाली’ म्हणून घाबरलेले लोक मी पाहिलेत. तिथं पिशवी म्हणजे पित्ताशय, ते जन्मापासून आहे. मायो म्हणजे स्नायू, मायलो म्हणजे मज्जा. आर्थ्र सांधा, आर्टेरि धमनी. ‘ओमा’ म्हणजे बहुधा गाठ, पण गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ. लायोमायोमा ऐकायला भयंकर, पण ते गर्भाशयाच्या फायब्रॉइडचंच शास्त्रीय नाव. उलट मेलॅनोमा आणि लिम्फोमा हे कॅन्सर आहेत. ग्लॉकोमात तर गाठच नाही, तो डोळ्याचा काचबिंदू. म्हणजे ओमा दिसलं की निष्कर्ष काढायचा नाही, विचारायचं. आणि काही शब्द मुळातच चुकीच्या समजुतीवर उभे आहेत. मलेरिया म्हणजे ‘वाईट हवा’. डासांतून त्याचा प्रवास होतो हे रोनाल्ड रॉसनी सिकंदराबादेत १८९७ साली दाखवलं, नाव तेच राहिलं. अनिमियाचा शब्दशः अर्थ ‘रक्तच नाही’. तसं असतं तर माणूस रिपोर्ट आणायला आला नसता. तुकडे दिशा दाखवतात, निदान करत नाहीत.

शिकायचं कसं? बाजारातलं जाडजूड पुस्तक घेऊन ‘ए’पासून सुरुवात करू नका, ‘ए’ संपायच्या आत उत्साह संपतो. घरातली फाइल काढा. आई-बाबांच्या जुन्या रिपोर्टातले दहा शब्द पेन्सिलीनं उभ्या रेघा मारून फोडा. आधी टोक, मग उपसर्ग, शेवटी मधला अवयव. अर्थाचा अंदाज मराठीत मोठ्यानं म्हणा, मग कोशात पडताळा. चुकलेला अंदाज जास्त लक्षात राहतो. बारा-पंधरा टोकं, आठ-दहा उपसर्ग आणि पंचवीसेक अवयव झाले की नवा शब्द आला तरी हात थरथरत नाही. नर्सिंग, फार्मसी किंवा डीएमएलटीला गेलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांना दोन गोष्टी आवर्जून सांगते. स्पेलिंग ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन असतात, एकाच लॅबच्या दोन रिपोर्टांत दोन्ही सापडतील, बावरू नका. आणि न्यूमोनिया, सोरायसिस यांच्या सुरुवातीला मुका ‘पी’ असतो, कोशात ‘एन’ किंवा ‘एस’खाली शोधाल तर सापडणार नाहीत.

औषधांच्या मूळ नावांनाही अशीच टोकं असतात, कारण जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून त्यांच्या प्रमाण नावांच्या याद्या प्रसिद्ध करते. शेवट ‘सार्टान’ तर एका जातीची रक्तदाबाची गोळी, ‘स्टॅटिन’ तर कोलेस्टेरॉलची, ‘प्राझोल’ तर ॲसिडिटीची. कंपनीचं नाव या नियमात येत नाही, ते स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत असतं. मूळ नाव बारीक अक्षरांत शोधा. हृदयाच्या डॉक्टरांनी एक आणि हाडांच्या डॉक्टरांनी दुसरी, अशा दोन ‘प्राझोल’ गोळ्या रोज घेणारे आजोबा आमच्याच मजल्यावर आहेत. त्यांना मी गोळी बंद करायला सांगितलं नाही, ते माझं काम नाही. दोन्ही स्ट्रिपा एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं.

तुमच्या घरात कुणाची ‘पिशवी’ काढलेली असेल, तर आज रात्री तिचं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यात ‘ऊफोर’ हा तुकडा आहे का बघा. असेल तर तिच्या पुढच्या भेटीत ते कार्ड बरोबर न्या आणि हाडांबद्दल विचारा.